फक्कीची रेघ

डिसेंबरातली सकाळ, सात-सव्वासात झाले असतील. आमच्याकडे थंडी म्हणजे काय, तर गवतावर दंव पडतं आणि चालताना चपलेला लाल माती चिकटून येते, एवढीच. मी रोजच्यासारखी मैदानाला फेऱ्या मारत होते. गॅलरीच्या कोपऱ्याशी दोन माणसं टेप धरून उभी होती आणि तिसरा एक पोरगा, विशी-बाविशीतला, फक्कीची पिशवी पोटाशी धरून वाकून वाकून रेघ मारत चालला होता. गॅलरीच्या कोपऱ्यापासून निघालेली ती रेघ मैदानाच्या मधून सरळ उंडीच्या झाडापर्यंत गेली, आणि ओल्या लाल मातीवर ती अशी काही पांढरीशुभ्र उठून दिसत होती की मी चालायची थांबून बघत राहिले. तेवढ्यात शाळेच्या पाच-सहा मुली आल्या, सातवी-आठवीतल्या, तालुक्याच्या स्पर्धा जवळ आल्यात म्हणून हल्ली रोज येतात. एकीनं रेघ बघितलीन आणि ओरडली, "अगो, ट्रॅक आखलानी!" झालं. चपला एका बाजूला पडल्या, ओढण्या कमरेला बांधल्या गेल्या, सगळ्या रेघेच्या टोकाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि रेडी-स्टेडी म्हणत सुटल्या. त्या फक्कीवाल्या पोरानं काय केलं, तर आपली पिशवी आणि टेपची दोरी पटकन बाजूला ओढली, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून. बोलला काहीच नाही. मुली उंडीपर्यंत जाऊन परत आल्या, धापा टाकत, तळवे पांढरे करून घेऊन, आणि एकीनं जाता जाता त्याला "थँक्यू दादा" म्हटलं.

ती रेघ कशाची होती हे मला माहीत होतं. त्या पोरालाही माहीत होतं. आम्ही दोघंही गप्प बसलो.

ते गप्प बसणं काही जाईना डोक्यातून. म्हणून हे लिहायला बसलेय.

मैदान खासगी विकासकाकडून बीओटीवर, म्हणजे त्यानं बांधायचं, काही वर्षं चालवायचं आणि मग परत द्यायचं, असं विकसित करायचं ठरलंय. गॅलरीच्या बाजूला रस्त्याकडे तोंड करून गाळे, वर हॉल, मधल्या भागात जाळी लावून टर्फ, आणि आत्ता जिथं मुलांची घसरगुंडी आणि चार बाकडी आहेत त्या बागेचं सुशोभीकरण, तिला कुंपण आणि तिकीट. रेघ होती ती गाळ्यांची आणि पार्किंगची हद्द. तिच्या अलीकडे काय राहतं ते मी पावलांनी मोजून बघितलं, खो-खोचं एक मैदान आखता येईल, बाजूला कबड्डीचं कसंबसं, धावायचा गोल मात्र होणारच नाही. चौकात जो फ्लेक्स लावलाय त्यातलं चित्र मी नीट उभी राहून बघितलं. हिरवंगार आहे सगळं, काचा आहेत, कारंजं आहे. लाल माती कुठंच नाही. उंडीही नाही, तिच्या जागी ते सरळसोट उंच पाम आहेत, हॉटेलांच्या दारात असतात तसे.

आमच्या गावाच्या विकास आराखड्यात ही जागा 'खेळाचे मैदान' म्हणून राखीव आहे. ते बदलायचं तर नगररचनेच्या १९६६ च्या कायद्यातलं कलम ३७ लागतं, त्यात जाहीर नोटीस काढून लोकांकडून एक महिन्याच्या आत हरकती आणि सूचना मागवायच्या असतात. मला हे सगळं गेल्या तीन महिन्यांत कळलं, त्याआधी आराखडा म्हणजे ऑफिसच्या भिंतीवरचा रंगीत नकाशा एवढीच माझी समज. त्या कलमाला म्हणतात 'किरकोळ फेरबदल'. आणि त्यात एक अट अशी आहे की फेरबदलानं आराखड्याचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. ते वाक्य मी परत परत वाचलं. गावात सपाट, मोकळी, सगळ्यांची अशी ही एवढीच जागा. बाकी आमच्याकडे सपाट काय असतं, एक तर कातळ नाहीतर खाडीकाठची खाजणं. बाकी सगळा चढ-उतार, वाड्या, आगरं, गडगे. ह्या गावात सरळ शंभर मीटर पळायचं म्हटलं तर दुसरीकडे कुठं पळणार? मग हे गेलं तर स्वरूप बदलत नाही, असं कसं म्हणायचं.

मी पहिल्यांदा ह्या मैदानात उतरले ती सहावीत असताना. तोपर्यंत मैदान म्हणजे मुलग्यांचं, आम्ही मुली कडेनं जायचो, दप्तर छातीशी धरून, मान खाली. आमच्या शाळेत पीटीच्या बाई आल्या नव्या, घाटावरच्या होत्या, बोलणं खणखणीत, आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं की मुलींचा खो-खोचा संघ करायचा. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले मुलींनी सगळ्या गावासमोर धावायचं काय कारण. बाई घरी आल्या. आईनं त्यांना कोकम सरबत दिलं, आणि बाई बाबांना एवढंच म्हणाल्या, की तुमची मुलगी मधल्या सुट्टीत विहिरीकडे पाणी प्यायला पळते ते मी बघितलंय, ती वाया घालवू नका. बाबा काही बोलले नाहीत, आमच्या घरात काही न बोलणं म्हणजे हो. बाईंकडे टेप नव्हता तेव्हा. त्या मैदान पावलांनी आखायच्या. साडी जरा वर खोचून, तोंडानं आकडे मोजत, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायच्या, आम्ही मागून चुन्याचं घमेलं घेऊन. खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, आणि धावायचे शंभर मीटर म्हणजे बाईंची एकशे तीस पावलं. नंतर एकदा कुणीतरी खरा टेप आणून मोजलं तर हातभराचा फरक निघाला, तेवढाच.

खो-खोत खांबाला वळसा घालताना तळहाताची सालं निघतात. लाकडी खांब होते, दोन्ही टोकांना पुरलेले, वर्षानुवर्षं पोरांच्या हातांनी गुळगुळीत झालेले, तरी पावसाळ्यानंतर त्यांना कुसं यायची. पडल्यावर गुडघ्याला जी माती लागायची ती जखमेतच वाळायची आणि खपली धरली की लालसर काळी दिसायची. पांढऱ्या ब्लाऊजवरचा तो लाल डाग कशानंही निघत नसे, आई साबण लावून, उन्हात घालून, लिंबू चोळून थकायची, शेवटी तिनं सोडून दिलं. माझे सगळे शाळेचे फोटो तसेच आहेत, खांद्यावर तांबूस छटा. लग्नानंतर पंधरा-सोळा वर्षं मी डोंबिवलीला काढली, तिथं एकदा कपाट आवरताना तो जुना ब्लाऊज मिळाला आणि मी त्याचा वास घेऊन बघितला, वास कसला राहतोय म्हणा, पण डाग होता.

जिंकणं-हरणं मला आता फारसं आठवत नाही, तालुक्याला दुसरे आलो होतो, जिल्ह्याला पहिल्याच फेरीत बाहेर. आठवतं ते वेगळंच. संध्याकाळी पाच वाजता मी मैदानात शिरायचे आणि कुणीही विचारायचं नाही की तू इथं का आलीस. घरात विचारायचे, शेजारी विचारायचे, दुकानात उभं राहिलं तर विचारायचे, देवळातसुद्धा आजी विचारायच्या की आज काय गो बाय, काय मागायला आलीस. मैदानात नाही. तिथं नुसतं असायला कारण लागत नव्हतं. बाराव्या-तेराव्या वर्षी मुलीला अशी जागा मिळणं केवढं मोठं होतं हे तेव्हा कळायचं वय नव्हतं, आता कळतं.

मैदानाच्या खालच्या अंगाला सहाण आहे. शिमग्यात पालखी तिथं बसते. चाकरमानी आलेले असतात, ढोल वाजत असतात, पालखी नाचवताना पायाखालची माती एवढी उडते की सगळ्यांची पांढरी धोतरं आणि लेंगे आमच्या ब्लाऊजसारखे होतात. नवीन आराखड्यात सहाणेला हात लावणार नाही असं सांगितलंय, आणि ते खरंही असेल. पण पालखी नाचायला जी जागा लागते ती सहाणेच्या चौथऱ्यावर नसते ना, ती समोर असते, मोकळी. जिथं आता पार्किंग दाखवलंय.

एक मात्र कबूल करते, मैदानाची अवस्था वाईट आहे. गॅलरीच्या चिऱ्यांवर शेवाळ, दोन पायऱ्या तर पार खचल्यात. मुलींसाठी संडास नाही, जो आहे त्याला दार नाही. एकच दिवा, तोही चालू असला तर. रात्री कोण कोण येऊन बसतं आणि सकाळी बाटल्यांच्या काचा वेचून मगच मुलींना पळू द्यावं लागतं. वर्षानुवर्षं अर्ज दिले, कुणी लक्ष दिलं नाही, आणि आता तीच अवस्था दाखवून म्हणतात की बघा, ह्याचा काही उपयोग होत नाहीये. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत येतो, तो म्हणतो मावशी टर्फ हवंच, पावसाळ्यात चार महिने आम्ही खेळायचं कुठं, चिखलात? आणि त्याचं चुकीचं नाही. बाजूच्या गावातल्या टर्फवर तो मित्रांबरोबर जातो, सगळे मिळून तासाचे पैसे भरतात, रात्री दहा वाजता लख्ख उजेडात खेळतात, मी एकदा बघायला गेले होते, मला छान वाटलं. माझ्याबरोबर खो-खो खेळलेली माझी मैत्रीण, तिच्या मुलाला गाळा मिळायची शक्यता आहे. मुलगा शिकून घरी बसलाय. आम्ही विरोधाच्या सह्या गोळा करतोय, त्यावर तिनं सही केली नाही. मला म्हणाली, "तुझी मुलं सेट झाली, तू बोलू शकतेस." आम्ही तेव्हापासून दोनदाच भेटलोय. तिच्या बोलण्यात खोट काढायला मला जागा सापडत नाही आणि तरी माझा विरोध कमी होत नाही, दोन्ही एकाच वेळी आहे.

भाच्याला मी एवढंच म्हटलं की टर्फ करा की, बाजूला कोपऱ्यात करा, छत घाला, पण सगळ्या मैदानाला जाळी कशाला. तो विचार करून म्हणाला, "एवढ्यात त्यांचं भागणार नाही मावशी." म्हणजे त्यालाही समजतंय. शिवाजी पार्कात आचरेकर सरांनी जी पोरं घडवली, ते सर जन्मानं आमच्या कोकणातलेच, मालवणचे, आणि ते मैदान महापालिकेचं, कट्ट्यावरून पाय टाकला की आत. तिथं तासाचा दर असता तर किती जणांच्या आईबापांना परवडलं असतं, हे भाच्याला विचारलं तेव्हा तो गप्प झाला आणि मोबाईल बघायला लागला.

पहाटे पाचला कधी मैदानात येऊन बघा. अंधारात नुसते पायांचे आवाज येतात, धप धप धप, आणि श्वास. पोलीस भरतीची पोरं. मुलग्यांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. आजूबाजूच्या वाड्यांतून सायकलवर, कुणाच्या टू-व्हीलरच्या मागं बसून येतात, साडेसहाला परत, कारण नंतर कुणाला कामावर जायचं असतं, कुणाला दूध घालायचं असतं. गोळा विकत घ्यायला नको म्हणून एकानं जुन्या वजनाला कापड गुंडाळून सराव केला होता एक वर्षभर. आम्ही सह्या गोळा करायला मासळी बाजारात गेलो तेव्हा एक मावशी बांगडे मांडत होत्या, त्यांनी कागद हातात घेतला नाही, हात ओले होते, पण म्हणाल्या, "माजा पोर तितंच पलून पोलिसात लागला. कुटं सही करू ती सांग." हात पदराला पुसले आणि केली. कागदावर माशाच्या पाण्याचा डाग पडला, तो कागद आम्ही तसाच दिला फाईलला.

आणि ३ जून २०२०. निसर्ग वादळ. दुपारी वारा सुरू झाला आणि आमच्या डोळ्यांसमोर पोफळी आडव्या झाल्या, एकेक नाही, ओळीच्या ओळी. कौलं पत्त्यासारखी उडाली. त्यानंतर कितीतरी दिवस लाईट नाही, रेंज नाही, विहिरीवर पंप चालत नाही. तेव्हा गावात एकच मोकळी जागा होती जिथं झाड पडलेलं नव्हतं, जिथं ट्रक वळू शकत होता. मैदानात विजेचे खांब उतरवले, पत्रे उतरले, ताडपत्र्या उतरल्या, बाहेरगावाहून आलेले लाईटवाले गॅलरीच्या पायऱ्यांवर झोपायचे. मी कितीतरी संध्याकाळी तिथं रांगेत उभी राहिलेय, मेणबत्त्या आणि तांदळासाठी. आईला घरी ठेवून गेले होते, तिला त्या वादळानं जो धक्का बसला तो शेवटपर्यंत गेला नाही. रांगेत ओल्या लाकडाचा आणि कुजलेल्या फणसांचा वास यायचा. त्या वासाबरोबर मला आजही मैदान आठवतं. वरून पावसाचं पाणी मैदानात पडतं ते मातीत मुरतं, जास्तीचं खालच्या पऱ्याला जातं, आणि पऱ्या बाजारातून खाडीला. एवढ्या सगळ्याला पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट घातलं की ते पाणी एकदम सुटणार, पऱ्याच्या काठावरच्या दुकानदारांना हे कुणी समजावून सांगायला लागलं नाही, त्यांच्या सह्या सगळ्यात आधी आल्या.

तर सुनावणी. हरकतीच्या अर्जात एक रकाना होता, 'सदर जमिनीशी संबंध', आणि पुढं मालक, भाडेकरू, कब्जेदार, इतर. मी 'इतर' वर खूण केली, त्याच्यापुढं टिंबटिंब होती ती मोकळी सोडली. काय लिहायचं सुचलं नाही. सुनावणीला माझा नंबर आला तेव्हा साहेबांनी नेमकं तेच विचारलं. उद्धट नव्हते, उलट मी उभी होते तर बसा म्हणाले. "मॅडम, तुमचं घर मैदानाला लागून आहे का?" नाही म्हटलं. "जवळपास काही जागा, दुकान?" नाही. "मग तुम्ही ह्यात बाधित कशा होता, म्हणजे मला नोंद करायचीय." खोलीत पंखा खडखडत होता, मागं खुर्च्यांवर माणसं बसली होती, आणि मला एकदम सहावीतली मी झाल्यासारखं वाटलं, सगळे बघतायत. मी म्हटलं, "मी तिथं खेळलेय." मागून कुणीतरी हसलं, वाईट हसणं नव्हतं, पण हसलं. साहेबांनी लिहिलं, 'माजी खेळाडू'. पुढचा नंबर.

घरी येऊन मी जेवले नाही. ती टिंबं माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. ह्या जागेचा सातबारा माझ्या नावावर नाही, कुणाच्याच नाही, म्हणून तर ती आमची आहे, आणि नेमकं म्हणूनच आमच्याकडे दाखवायला कागद नाही. जिथं कधी कुणी का आलीस विचारलं नाही तिथलंच मला आता विचारत होते, की तुमचा काय संबंध.

मग आमच्या वकील काकांनी, ते आमच्या बाजूनं फुकट बघतायत सगळं, त्यांनी मला बंगलोरची एक केस सांगितली. १९९१ सालचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. तिथं एका वस्तीत बागेसाठी राखून ठेवलेली जागा एका खासगी ट्रस्टला नर्सिंग होमसाठी द्यायचं ठरलं, मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून, आणि रहिवासी कोर्टात गेले. तेव्हा समोरच्यांचं म्हणणं हेच होतं की ह्या लोकांचा संबंध काय, ह्यांना दावा लावायचा अधिकारच काय. आणि कोर्टानं म्हटलं की तिथं राहणारी माणसंच तर सगळ्यात जवळून बाधित होतात, त्यांना नाही तर कुणाला अधिकार. जागा बाग म्हणूनच राहिली. दुसरी केस लखनौची, १९९९ ची. अमिनाबादेत एक जुना बगीचा, त्याच्या खाली जमिनीत शॉपिंग कॉम्प्लेक्स बांधायचं काम बिल्डरला दिलं होतं, बांधकाम बरंच पुढं गेलेलं, तरी सुप्रीम कोर्टानं ते पाडायला लावलं आणि बगीचा पूर्ववत करा म्हणून सांगितलं. काका हे सांगत होते आणि मी माझ्या वहीत लिहून घेत होते, परीक्षेला लिहितात तसं. नर्सिंग होमला तर कुणी वाईटही म्हणणार नाही, दवाखाना लागतोच की. तरी कोर्टाला बाग महत्त्वाची वाटली, हे मला फार धीर देणारं वाटलं.

आणि तिसरी केस आमच्या वाटेवरचीच. नवी मुंबईत घणसोलीला सरकारी क्रीडा संकुलासाठी २० एकर जागा ठेवलेली होती, २००३ पासून. त्यातली काही जमीन नंतर बिल्डरला गेली आणि २०२१ मध्ये सरकारनं ठरवलं की संकुल आता माणगाव तालुक्यात नाणोऱ्याला करायचं. शंभराहून जास्त किलोमीटरवर. तिथल्या आर्किटेक्ट लोकांची संस्था कोर्टात गेली आणि २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टानं तो निर्णय रद्द केला. माणगाव म्हणजे आम्ही मुंबईहून येताना जिथं तास-तास ट्रॅफिकमध्ये अडकतो ते. गणपतीला येताना एसटी तिथं थांबली की मी खिडकीतून बाहेर बघत बसते, आणि गेल्या खेपेला बघताना माझ्या मनात येत होतं की घणसोलीची एखादी आठवीतली मुलगी, संध्याकाळी पाचला शाळा सुटल्यावर, इथं कशी येणार होती पळायला. माणगावच्या मुलांना संकुल मिळालं तर मला आनंदच आहे, त्यांनाही हवंच. पण एकीचं काढून दुसरीला कशासाठी.

आमच्या सुनावणीचं पुढं काय झालं ते अजून कळलेलं नाही. अहवाल वर गेलाय म्हणतात. काका म्हणतात वाट बघू, नाहीतर कोर्ट आहेच, पण कोर्टाला पैसे लागतात आणि दम लागतो, आणि आमच्यातले दोघं-तिघं आताच गळाल्यासारखे दिसतायत. एकाच्या भावाला फोन आला होता म्हणे. मी विचारलं नाही कुणाचा.

मधे अवकाळी पाऊस झाला, रात्रभर, आंब्याचा मोहोर काळा पडेल म्हणून सगळे काळजीत. सकाळी मैदानात गेले तर फक्कीची रेघ वाहून गेली होती, उंडीच्या मुळापाशी तेवढा पांढरट गाळ साठलेला. खुंट्या मात्र होत्या, रेघेवर अंतराअंतरानं ठोकलेल्या, वर लाल रंग दिलेल्या. तिथं ती मुलगी होती, थँक्यू दादा म्हणणारी. एकटीच आली होती, बाकीच्या पावसामुळे आल्या नसतील. रेघ शोधत होती.

मी तिच्याजवळ गेले आणि सांगितलं. सगळं नाही, पण सांगितलं, की ती रेघ ट्रॅकची नव्हती, इथं दुकानं व्हायचीत, त्यासाठी आखली होती, आणि आम्ही काही जणं ते होऊ नये म्हणून खटपट करतोय. ती ऐकत होती, ओल्या मातीत पायाचा अंगठा फिरवत. मला वाटलं रडेल, किंवा विचारेल काहीतरी ज्याचं उत्तर माझ्याकडे नसेल. तिनं एकदा खुंटीकडे बघितलंन, एकदा माझ्याकडे.

"काकी, पण माझी स्पर्धा शनवारी हाय," ती म्हणाली. "शंभर मीटर किती होतात ता तुमाला म्हाईत हाय काय?"

मी म्हटलं हो. चपला काढल्या, साडी जरा वर खोचली आणि गॅलरीच्या कोपऱ्यापासून मोजायला सुरुवात केली, मोठ्यानं, ती मागून माझ्या प्रत्येक दहा पावलांना काटकीनं खूण करत होती. माती गार होती, चिकट, बोटांच्या मधून वर येत होती. चाळिसाव्या पावलाला पहिली लाल खुंटी लागली. तिला वळसा न घालता मी पाय तिच्यावरून पलीकडे टाकला आणि म्हटलं, एकेचाळीस.